नेढ्यातून न दिसलेली वाडी

दिवाळी अंक हाती पडला की आपण मराठी माणसे आधी मुखपृष्ठ पाहतो, मग व्यंगचित्रे, मग चोरून राशिभविष्य. आणि चकल्यांची बशी संपत आली की एखादे प्रवासवर्णन काढून आरामखुर्चीत बसतो. त्यात घाट असतो, धबधबा असतो, धुके असते, दरीच्या तोंडाशी एखादी झोपडी असते आणि त्या झोपडीतून निळसर धूर निघत असतो. तो धूर कुणाच्या चुलीचा, हे सहसा कुणी विचारत नाही. मी अशी वर्णने वाचत वाढलो आणि पुढे लिहूही लागलो. यंदा संपादकांनी तशाच एका लेखाची मागणी केली, तेव्हा मी त्यांना कळवले की लेख देईन, पण तो त्या जातीच्या लेखांविरुद्ध असेल. त्यांनी तो छापावयाचे मान्य केले, हा त्यांचा मोठेपणा. आता वाचकांनीही थोडा दाखवावा.

ज्याच्यावर फिर्याद करावयाची, त्याची ओळख आधी करून दिली पाहिजे. तो इसम मीच. राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. धंदा मास्तरकीचा, शिक्षण मॅट्रिक, त्यापुढचे जे काय झाले ते गावोगावच्या वाचनालयांत. नावावर चार कादंबऱ्या. आमच्याकडे कपाशीची काळी राने आहेत, टेकड्या आहेत, अडाण नदी आहे. पण सह्याद्रीचा कडा नाही. त्यामुळे पहिल्यांदा सह्याद्री पाहिला तेव्हा, गावजेवणात पहिल्यांदा श्रीखंड पाहिलेल्या पोरासारखी माझी अवस्था झाली.

ते साल २०१५. पनवेलला दिलेल्या धाकट्या बहिणीकडे दिवाळीत गेलो होतो. भाऊबीज झाली आणि भाचा म्हणाला, "मामा, चला, तुम्हाला इर्शाळगड दाखवतो." जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौक नावाचे गाव आहे, खालापूर तालुक्यात. तेथून डोंगर चढू लागलो. रस्ता असा नव्हताच, पायवाट होती. दीड तास घामाघूम होऊन वर पोहोचलो, तो सुळक्याच्या पायथ्याशी एक लहानशी वाडी लागली. इर्शाळवाडी. ठाकर लोकांची वस्ती. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणे, एक शाळा. वाडीवरून पुढे चढून गेले की सुळक्याला आरपार पडलेले एक भोक लागते. त्याला नेढे म्हणतात. डोंगराच्या त्या सुईच्या नाकात बसून मी प्रबळगड पाहिला, माथेरानचे पठार पाहिले, खाली मोरबे धरणाचे पाणी आरशासारखे पसरलेले पाहिले. डोळे भरून आले. खोटे सांगत नाही.

उतरताना एका घरी जेवलो. घरच्या आजीने नाचणीची भाकरी आणि पिठले वाढले. पैसे देऊ लागलो तेव्हा तिने भाच्याला विचारले, "हे कोण?" भाचा म्हणाला, "मामा आहेत माझे. पुस्तकं लिहितात." तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग मास्तर, आमच्या रस्त्याचं लिहा. बाई अडली तर डोलीत घालून खाली न्यावी लागते. पावसात पाय ठरत नाही." मी म्हणालो, "लिहितो, आजी."

आणि मी लिहिले! पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकात माझा लेख आला. त्यात नेढे होते, प्रबळगड होता, मोरबेचा आरसा होता, कारवी आणि तिचा कैक वर्षांनी येणारा बहर होता. आजीही होती, पण कशी? "तिच्या मुखावरील सुरकुत्यांत अवघा सह्याद्री रेखाटला होता," अशी. रस्ता नव्हता. डोली नव्हती. अडलेली बाई नव्हती. लेखाचा सूर बिघडला असता ना! सात-आठ वाचकांची पत्रे आली. एका भगिनींनी लिहिले की, तुमचा लेख वाचून त्या सुळक्याखाली एक झोपडी बांधून राहावेसे वाटले. ते पत्र मी कितीतरी दिवस खिशात बाळगले होते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, अकराच्या सुमारास, त्या झोपड्यांवर डोंगराची कड आली.

आमच्या बोरीत सकाळी चहाच्या टपरीवर शेजारच्या काकांनी मला हाक मारली, "मास्तर, तुमचा गड पडला म्हन्ते." गड पडला नव्हता. गड जागच्या जागी होता, नेढ्यासकट. पडली होती वाडी. सव्वादोनशेच्या आसपास वस्तीपैकी २७ माणसांची प्रेते हाती लागली. ५७ माणसे सापडली नाहीत. चार दिवसांनी, २३ जुलैला, शोध थांबवला आणि जी सापडली नाहीत ती तेथेच राहिली. म्हणजे एकूण ८४. आणि ज्या रस्त्याचे मी लिहिले नाही, तो रस्ता त्या रात्रीही नव्हता. यंत्रे वर चढेनात. हवा अशी की हेलिकॉप्टर उडेना. जवानांनी आणि स्वयंसेवकांनी फावड्या-कुदळींनी चिखल उपसला. मदतीस निघालेल्या नवी मुंबईच्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला चढणीवरच हृदयविकाराने मृत्यू आला. डोलीची वाट किती कठीण होती, हे महाराष्ट्राला तेव्हा कळले. आजीने ते मला आठ वर्षे आधी सांगितले होते.

माझ्या लेखाने डोंगर थांबला असता, असे म्हणण्याइतका मी खुळा नाही. लेखाने रस्ताही झाला नसता कदाचित. पण सांगितलेले न सांगणे हा निराळा गुन्हा आहे, आणि तो मी केला आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो. मनात काय होते? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, पुन्हा एक लेखच होता. "उद्ध्वस्त रम्य स्थळाची पुनर्भेट." मथळासुद्धा ठरला होता. चौकातून डोंगराकडे पाहिले. सुळका तसाच उभा होता, ऊन तसेच कोवळे होते. आणि त्याच्या खांद्यावरून खाली, ओरबाडल्यासारखा तांबडा पट्टा आला होता. वर जाण्याचे धैर्य झाले नाही. जेथे माणसे पुरलेली आहेत तेथे वही घेऊन जाणे बरे वाटेना. वाचलेली माणसे तेव्हा चौकजवळ पत्र्याच्या कंटेनरांत राहत होती. तेथे गेलो. पुढे सिडकोने त्यांना पक्की घरे बांधून दिली. पण मी गेलो तेव्हा दारांशी वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढावी लागत होती.

एका तरुणाला मी म्हणालो, "तुमच्या वाडीतल्या एका आजीकडे मी जेवलो होतो. त्या आहेत का?"

"नाव काय आजीचं?"

मी गप्प.

"मग कुणाची आई? कुणाची आजी?"

मी म्हणालो, "घरासमोर आंब्याचं झाड होतं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागावला नाही. म्हणाला, "झाडं सगळ्यांच्याच दारात होती, सर. म्हाताऱ्याही बऱ्याच होत्या. नावाबिगर कसं सांगू?"

वाचकहो, माझ्या त्या लेखात तीन डोंगरांची नावे होती, दोन झुडपांची होती, एका पक्ष्याचेही होते. जिच्या हातची भाकरी खाल्ली तिचे नाव मी विचारले नव्हते. आज मी तिच्यासाठी रडू म्हटले तर कुणासाठी रडावयाचे? ती २७ मध्ये आहे, ५७ मध्ये आहे, की त्या कंटेनरच्या रांगेतच कोठेतरी बसून माझ्याकडे पाहत होती, हे मला कधीही कळणार नाही.

म्हणून त्या मथळ्याचा लेख मी लिहिला नाही, आणि कुणी लिहू नये असे मला आता ठासून सांगावयाचे आहे. आपत्तीनंतर रम्य स्थळाला पुन्हा भेट देणाऱ्या लेखांचा साचा मला ठाऊक आहे. आरंभी आठवणी, मध्ये हळहळ, आणि शेवटी ढिगाऱ्यातून वर आलेला एक हिरवा कोंभ. "निसर्ग पुन्हा फुलला!" असे म्हणून लेखक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि वाचक करंजी उचलतो. पण निसर्गाचे काय बिघडले होते की तो पुन्हा फुलावा? गवताला एक पावसाळा पुरतो. बिघडले ते माणसांचे, आणि त्यांना कोंभ फुटत नाहीत. आपण शोक करतो तो आपल्या हुकलेल्या देखाव्याचा, आणि त्याला नाव देतो मृतांच्या आठवणीचे.

दुसरा शब्द 'निसर्गाचा कोप'. हा शब्द मला आता ऐकवत नाही. कोप यायला मन लागते. डोंगराला मन नाही. त्याला वजन आहे. त्या भागात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या यवतमाळकडे अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो, त्याच्या निम्म्याइतका तीन दिवसांत! सह्याद्री म्हणजे काळ्या पाषाणाचे थरावर थर. त्याच्या उतारांवर झिजलेल्या दगडाची आणि मातीची जाड गोधडी. पाणी तिच्यात मुरत जाते, माती जड होते, खालच्या कातळाशी असलेली तिची पकड पाण्याने सुटते, आणि एका क्षणी गोधडी घसरते. यात राग-लोभ कोठे आला? हे गणित आहे, आणि ते माणसाला समजते. जे समजते, त्याची जबाबदारीही कुणावर तरी येते. 'कोप' म्हटले की ती कुणावरच येत नाही. म्हणूनच हा शब्द सर्वांना इतका आवडतो.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे तेव्हा विधानसभेत सांगण्यात आले. ते ऐकून मला माझ्या वर्गातला एक विद्यार्थी आठवला. गणित चुकले की तो म्हणे, "सर, हे आमच्या पुस्तकात नव्हतं." पण हे तर पुस्तकात होते! ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडले गेले. सकाळच्या एस.टी.च्या चालकाला जेथे गाव असावयास पाहिजे तेथे चिखल दिसला, तेव्हा जगाला कळले. १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये. ऐंशीहून अधिक माणसे. मग इर्शाळवाडी. तिन्ही वेळा जुलै, तिन्ही वेळा सह्याद्रीच्या उतारावरची वाडी, तिन्ही वेळा दिवसेंदिवस कोसळणारा पाऊस. माळीणला आमडे येथे नवे गाव वसवून २०१७ च्या एप्रिलमध्ये ते लोकांच्या हवाली केले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्याच पावसात तेथल्या रस्त्यांना भेगा पडल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ मध्येच दिला होता. कोठे काय करू नये आणि ठरवताना ग्रामसभेला विचारावे, असे त्यात होते. त्या अहवालावर विचार करण्यासाठी दुसरी समिती बसली. समित्या बसतात, डोंगर बसत नाहीत.

हे केवळ महाराष्ट्राचे दुखणे नाही. माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२४ ला, केरळातल्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे रात्रीतून वाहून गेली. अडीचशेहून अधिक माणसे. चहाचे मळे, धबधबे. तेही रम्य स्थळ म्हणूनच प्रसिद्ध.

उलट एक उदाहरण विलायतेचे सांगतो. वेल्समध्ये आबरफान नावाचे खाणकामगारांचे खेडे आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, शाळा नुकतीच भरली असताना, खाणीतून काढलेल्या टाकाऊ मालाचा डोंगराएवढा ढिगारा घसरून शाळेवर आला. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे गेली. कोळसा मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, ढिगाऱ्याखाली निसर्गतः असलेल्या अज्ञात झऱ्यांमुळे हे झाले. गावकरी म्हणाले, अज्ञात कसले? ते झरे आम्हा साऱ्यांना ठाऊक होते! मृत्यूची नोंद करताना एका बापाने मागणी केली की, माझ्या मुलाच्या मृत्यूचे कारण कोळसा मंडळाने जिवंत गाडले असे लिहा. पुढे चौकशी झाली आणि दोष मंडळावर ठेवला गेला. तो बाप विद्वान असेल-नसेल; पण योग्य नावाचे मोल त्याला माझ्यापेक्षा अधिक कळत होते. आबरफानचा ढिगारा माणसांनी रचलेला आणि इर्शाळचा डोंगर आपसूक उभा, हा फरक मी विसरत नाही. परंतु उतारावर कोण राहते, का राहते, त्याला खाली जागा कोण देत नाही, पाऊस किती पडला हे त्याला रात्री कोण कळवते, हे सारे माणसांनीच रचलेले असते.

यावर माझे साहित्यिक मित्र दोन आक्षेप घेतील. पहिला असा की, ललित लेखन म्हणजे तहसील कचेरीतला अहवाल नव्हे. सौंदर्य पाहावयाचेच नाही काय? पाहा की! मी नेढ्यात बसून रडलो, त्याची मला लाज नाही. पण नेढ्यातून वीस कोस दूरचे पाणी दिसले आणि पायाखालची वाडी दिसली नाही, ही दृष्टी सौंदर्याची नव्हे. जवळचे न दिसणे हा चाळिशीनंतरचा आजार आहे, आणि त्यावर चष्मा मिळतो. दुसरा आक्षेप असा की, दिवाळीच्या पानावर हे अशुभ कशाला? मी विचारतो, नरकचतुर्दशीला भल्या पहाटे आपण यमाला तर्पण देतो ते कशाला? आपल्या वाडवडिलांनी मृत्यूचे स्मरण सणाबाहेर ठेवले नाही. ते आपण चकचकीत पानांच्या सोयीसाठी बाहेर काढले.

आता थोडे माझ्या गावाकडचे. इर्शाळवाडीनंतर तिसऱ्याच दिवशी, २२ जुलै २०२३ ला, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आभाळ फाटले. महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि हवाई दलाची मदत मागवावी लागली. त्या दिवसापासून अडाणच्या काठावर फिरायला गेलो की, पूर्वी ज्याला मी 'संथ रजतप्रवाह' वगैरे म्हणत असे, त्याच्या काठच्या घरांच्या भिंतींवर पाणी कोठपर्यंत चढले होते याची रेघ मी आधी शोधतो.

वर्गात मी दरवर्षी एक निबंध देतो, "माझे आवडते रम्य ठिकाण". मुले ठरलेले लिहितात: झुळझुळ वाहणारी नदी, किलबिलणारे पक्षी. त्या पावसाळ्यानंतर एका मुलीने लिहिले, "माझे आवडते ठिकाण म्हणजे नदीकाठचे आमचे जुने घर. ते आता पडले आहे. तिथून नदी फार सुंदर दिसायची, पण आई रात्री झोपत नसे." एवढेच. पुढे पान कोरे. निबंधाला दहापैकी किती गुण द्यावेत, हे मला अर्धा तास कळेना. शेवटी मी दहा दिले आणि खाली लिहिले, "आईचे नाव लिही." दुसऱ्या दिवशी तिने वही आणून दाखवली. नाव लिहिले होते.

या दिवाळीच्या सुटीत तुमच्यापैकी पुष्कळजण डोंगरात जातील. अवश्य जा. पोरांना न्या, नेढ्यात बसवा, लांबचे पाणी दाखवा. परंतु ज्या घरी भाकरी खाल, त्या घरच्या माणसाचे नाव विचारा आणि ते पोरांच्या वहीत लिहून घ्या. आजारी माणूस खाली कसा नेतात ते विचारा. जोराचा पाऊस आला तर रात्री कोण सांगावयाला येते, तेही विचारा. कुणीच येत नाही असे उत्तर आले, तर खाली उतरल्यावर तेवढी एक गोष्ट तरी कुणाला तरी लिहून कळवा. आमदाराला, कलेक्टराला, वर्तमानपत्राला, ज्याला वाटेल त्याला.

आणि त्यांनी "आमचे लिहा" म्हटले, तर माझ्यासारखे "लिहितो" म्हणून सुरकुत्यांवर लिहू नका. मी इर्शाळवाडीच्या रस्त्याचे आज लिहिले आहे. नऊ-दहा वर्षे उशीर झाला, आणि ज्या आजीने सांगितले होते तिच्यापर्यंत हा अंक पोहोचवावा कसा, हे मला ठाऊक नाही.